दोन डाव्या बाह्या

सत्तेचाळीस पूर्ण झाली आणि माझी झोप गेली. रात्री बाराला डोळा लागायचा आणि दोनच्या सुमारास अंगातून वाफ उसळून जाग यायची. मान, पाठ, छाती घामाने चिंब. पाच मिनिटांत तोच घाम गार पडून हुडहुडी भरायची. शेजारी नवरा ढाराढूर. त्याच्या घोरण्याचा मला इतका राग यायचा की एकदा मी त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून घेतलं, मला नको असतानाही. तो कूस बदलून परत घोरायला लागला.

आमचं चामराजपेटेत ब्लाउज शिवायचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. घराणं कित्येक पिढ्या इथलंच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. दुकानात आम्ही तिघं. नवरा मापं घेतो आणि गिऱ्हाइकं सांभाळतो, धाकटी जाऊ मशीनवर बसते आणि कापायचं काम माझं. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं कापड परत जोडता येत नाही. म्हणून आमच्यात कात्री एकाच माणसाच्या हातात असते. सासऱ्यांनी ती स्वतःच्या दोन मुलांना सोडून मला दिली, आणि त्या एका गोष्टीवर मी या घरात बावीस वर्षं मान वर करून वावरले. स्वयंपाक मला बेताचाच येतो, देवधर्म त्याहून कमी. पण माझ्या हातच्या कटिंगसाठी बायका बनशंकरीहून दोन बस बदलून यायच्या. मला दुसरं काही येत नव्हतं, आणि कधी यावंसंही वाटलं नव्हतं.

झोप गेल्याची बातमी घरात फुटल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. थोरल्या नणंदेने फोनवर जायफळ दुधात उगाळून घ्यायला सांगितलं. शेजारच्या बाईंनी तळपायांना तेल चोळायला सांगितलं. नवऱ्याने आपलं ज्ञान पाजळलं, "भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. दमलेल्या माणसाला झोप येतेच, तू डोक्यात विचार फार आणतेस." मी म्हटलं, धोंडा आणून द्या, त्यावर झोपून बघते. आधी तुमच्या डोक्यात घालते.

शेवटी मी स्वतःच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी थायरॉइड तपासलं, रक्त तपासलं, बीपी बघितलं. मग म्हणाल्या, पाळी पूर्ण थांबण्याआधीची काही वर्षं शरीराची अशी ओढाताण होते, बऱ्याच जणींची झोप मोडते. दुपारनंतर कॉफी नको. दिवसा आडवं व्हायचं नाही. सकाळी उठायची वेळ रोज एकच ठेवायची, रात्र कशीही गेलेली असो. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून बाहेर बसा, डोळे जड झाले की परत या. सुती कपडे, पातळ पांघरूण, पंखा, लवकर जेवण. एवढं करून बघा, नाहीतर हार्मोनच्या औषधांचा विचार करू, घाई करू नका. मी गोळी मागायला गेले होते आणि शाळेच्या वेळापत्रकासारखा कागद घेऊन परत आले.

तरी मी सगळं पाळलं. चारची कॉफी सोडली. ज्या घरात चार वाजता डिकॉक्शनचा वास सुटतो त्या घरात हे करून बघावं कोणीही. नवऱ्याला पुढच्या खोलीत झोपायला पाठवलं, तर त्याने भांडण झाल्यासारखं तोंड केलं आणि महिनाभर ते उतरवलं नाही. रात्री उठून मी गॅलरीत बसायची, समोरच्या बंद शटरांकडे बघत. या सगळ्याने फरक पडला का? पडला. दोन तासांची झोप साडेतीन तासांवर गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान, असंच चालू ठेवा. मला रडू आलं. साडेतीन तासांत माणूस मरत नाही एवढंच, जगतो म्हणता येत नाही.

सगळ्यात वाईट दिवस असायचा. डोळ्यांत वाळू, डोक्यात कापूस. माप वाचायचं आणि खडू हातात घेईपर्यंत विसरायचं. एकदा मी अस्तराच्या पुढच्या भागाला मागचा खोल गळा कापला. अस्तर स्वस्त असतं, गुपचूप दुसरं घेतलं. एकदा एकीचं माप दुसरीच्या कापडाला लावताना शेवटच्या क्षणी थांबले आणि कात्री खाली ठेवली. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कात्री सोड म्हणाले असते. मग माझ्यात उरलं काय असतं? चिडकी, घामेजलेली, दुपारी उभ्या उभ्या डुलक्या खाणारी एक बाई.

लग्नसराईत एका मुलीची साडी आली, लग्नात नेसायची. मोरपंखी रंग, तळहाताएवढा जरीचा काठ. ब्लाउजपीस साडीलाच जोडून आलेला. तेवढ्याच तुकड्यातून बाह्या काढायच्या, काठ दोन्ही बाह्यांवर आला पाहिजे, कापड जेमतेम. बाहीचा मुंढा, म्हणजे खांद्याकडची गोलाई, पुढून जरा खोल कापतात आणि मागून उथळ, त्यामुळे उजवी बाही डाव्या हाताला चालत नाही. कापड दुमडता येत नसेल तर आधी एक बाही कापायची, ती उलटी करून उरलेल्या तुकड्यावर ठेवायची आणि तिच्या कडेने दुसरी कापायची. शिकाऊ पोरींना पहिल्या आठवड्यात सांगतात हे. त्या सकाळी दुकानात मी एकटीच होते. नवरा दोरे आणायला गेला होता, जाऊ लेकीला शाळेत सोडायला. मी पहिली बाही कापली, ठेवली आणि दुसरी कापली. उलटी करायची राहिली.

दुपारी जाऊ शिवायला बसली. मशीन सुरू होऊन लगेच थांबलं. ती दोन्ही बाह्या हातात घेऊन माझ्याकडे आली.

"अक्का, स्वल्प, जरा बघा. दोन्ही डाव्याच आहेत."

नवरा तिथेच उभा होता. मी एकदा बाह्यांकडे बघितलं. आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"तूच ठेवली होतीस ना ती पहिली बाही? मी नुसती कात्री चालवली. सरळ-उलट कळत नाही तुला अजून?"

सकाळी जाऊ दुकानात नव्हती हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. नवऱ्याला आठवायला हवं होतं, पण त्याला आठवलं नाही.

"सरी अक्का, बरं," ती म्हणाली, "चुकलं असेल माझं."

त्यानंतर नवरा तिला जे बोलला ते मी खाली मान घालून ऐकलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी मारल्या होत्या. मुलीची आई बनशंकरीहून आली तेव्हा जाऊच तिच्यासमोर उभी राहिली. त्या बाई रागावल्या नाहीत, काउंटरवरच रडायला लागल्या, ते जास्त वाईट. जाऊ त्यांचा हात धरून कन्नडमधून माफी मागत होती आणि मी मागे उभी राहून टेपची गुंडाळी करत होते, सोडत होते, परत करत होते. मग जाऊ दोन दिवस पेठेतली दुकानं पालथी घालून जवळच्या रंगाचं रेशीम घेऊन आली आणि एक बाही काखेत जोड देऊन बसवली. लांबून कळत नव्हतं. मला कळत होतं.

त्या चार दिवसांत मी किती झोपले असेन ते देव जाणे. गॅलरीत बसून बघितलं, जमिनीवर झोपून बघितलं, डॉक्टरीणबाईंचा कागद ओळ न्‌ ओळ वाचून बघितला. माझ्यासारख्या बाईने काय करायचं ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर मी दोघांसमोर सांगितलं. ती बाही मीच ठेवली होती, मीच कापली होती, आणि हिच्यावर ढकललं. नवरा बाहेर जाऊन पायरीवर बसला. मी जावेच्या तोंडाकडे बघत होते. तिने ओरडावं, शिव्या द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं.

"इरली बिडी अक्का," ती म्हणाली. "असू दे. मला माहीत होतं. तुमचे डोळे बघून कळत होतं, झोप नाही ते." मग हळूच, मला लागू नये अशा बेताने म्हणाली, "आजपासून मी कापते. तुम्ही वर जा, जरा झोपा."

आमच्यात कात्री कोणाच्या हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची. मी ती फळीवर ठेवली. तिने लगेच उचलली नाही, मी जिना चढेपर्यंत थांबली.

वर जाऊन मी अंथरुणावर पडले. खालून कापायचा आवाज सुरू झाला. मी कान देऊन ऐकत होते, कुठे तरी अडेल, कुठे तरी चुकेल, मग ती विचारायला येईल. आवाज लांब, एकसारखा, एका दमात काठापर्यंत जाणारा होता. चांगला हात होता तिचा. कधीपासून होता कोण जाणे, मी तिला कधी कापूच दिलं नव्हतं. एक ब्लाउज झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मी जागीच होते. दुपारपर्यंत मला खालून कोणी हाक मारली नाही.