मागच्या खोलीतलं टेबल

सांगलीत आम्ही फ्लॅट बघायला पहिल्यांदा गेलो, तेव्हा नळाला पाणी कधी येतं, वर गळतं का, पार्किंग कुठं, हे सगळं नवऱ्यानं विचारलं. मी मागच्या खोलीत गेले आणि तिथंच थांबले. खोलीला उत्तरेची मोठी खिडकी होती आणि खिडकीखाली आठ माणसं बसतील एवढं सागवानी टेबल. घरमालकीण काकू त्या टेबलाशी बसून बेदाणे निवडत होत्या.

मी ब्लाउज आणि ड्रेस शिवते. भाड्याच्या दोन खोल्यांत इतकी वर्षं फरशीवर कापड पसरून, गुडघ्यांवर बसून बेतत आले होते. त्या टेबलावर मी तळहात ठेवला आणि मनातल्या मनात त्याच्यावर कापडाचं अख्खं थान उलगडलं. काकूंनी ते बघितलं. व्यापाऱ्याच्या घरातली बाई, गिऱ्हाईक कशावर भुललंय हे त्यांना सांगावं लागलं नाही.

जिना उतरताना नवरा म्हणाला, "असं लगेच दाखवायचं नसतं. आता टेबलाचा भाव वाढला बघ." तो हसत होता. मीही हसले.

काका-काकू जैन. काकांचा हळद आणि बेदाण्याचा व्यापार होता. तो बंद करून, फ्लॅट विकून दोघं पुण्याला मुलाकडे निघाले होते. मुलाचा फ्लॅट लहान, तिथं सामानाला जागा नाही, त्यामुळं काकांना सगळं आमच्याच गळ्यात घालायचं होतं. सोफा, शोकेस, दोन लोखंडी कपाटं, पलंग, गंजलेला कूलर, सगळं उक्तं घ्या, म्हणजे आमची कटकट मिटली, असं त्यांचं म्हणणं. मला टेबलाशिवाय काही नको होतं.

दिवेलागणीच्या आत त्यांची जेवणं व्हायची, म्हणून आम्ही दुपारी जायचो. नवरा पलूसला हायस्कूलमध्ये शिक्षक, तो शनिवारची शाळा सुटली की यायचा. एका बैठकीत सोफा कटला, कारण त्याच्या स्प्रिंगा बसल्या होत्या. पुढच्या बैठकीत कूलर कटला. कपाटं घ्या म्हणून काका हटून बसले, तेव्हा नवरा उठून चपला घालायला लागला. तो भाव करण्यात तरबेज आहे, मला त्याचा अभिमानच वाटला. शेवटी टेबल, शोकेस आणि पलंग एवढ्यावर सौदा ठरला. शोकेस मला मुळीच नको होतं, पण टेबलासाठी मी ते पत्करलं.

काकूंनी माझ्या हातावर मूठभर बेदाणे ठेवले आणि म्हणाल्या, "टेबल तुझंच गं बाई. आता कुणी मागायला आलं तरी न्हाई म्हणून सांगणार."

घरी येऊन मी टेपनं मापं लिहून काढली. मशीन खिडकीच्या डावीकडं, इस्त्री उजवीकडं. गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं की आता माझी वेगळी खोली होणार. त्या घरात माझ्या भिशीचे, शिवणाचे सगळे पैसे घातले होते. मागची खोली माझी, हे नवऱ्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं, म्हणून मला ते पुन्हा विचारायची गरज वाटली नाही.

ताबा मिळायला आठवडा राहिला असताना काकांचा फोन आला. नवऱ्यानं घेतला. फोन ठेवून म्हणाला, टेबल ते देत नाहीत, मुलाला हवंय.

मला खरं वाटेना. मी काकूंना फोन लावला. त्या नेहमी फोनवर पाच मिनिटं तरी नुसती चौकशी करायच्या. त्या दिवशी तुटक बोलल्या. मुलानं मागितलं, काय करणार, एवढंच.

"काकू, तुम्ही शब्द दिला होता," मी म्हटलं.

 काकू म्हणाल्या, "आमचं चुकलं म्हण," आणि फोन ठेवला.

नवऱ्यानं माझी समजूत काढली. जुनं टेबल गेलं म्हणून रडतेस काय, व्यापारी माणसं, त्यांचं असंच असतं, म्हणाला. रात्री त्यानं बाहेरून जेवण आणलं. मला बरं वाटावं म्हणून, असंच मी समजले.

किल्ल्या घ्यायला गेलो त्या दिवशी हमालांनी टेबलाचे पाय काढून ते जिन्यावरून उतरवलं. भिंतीला दोनदा घासलं. काका त्यांच्यावर ओरडत होते, स्वतःचंच सामान असून उगीच वैतागले होते. काकूंनी माझी ओटी भरायला नारळ आणि खण पुढं केला. मी हात मागं घेतला. शेजारच्या दोन बायका दारात उभ्या होत्या, त्यांच्यासमोर मी म्हटलं, "शब्द न पाळणाऱ्यांच्या घरातलं मला काही नको."

काकूंनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, नवऱ्याकडं बघितलं. तो हमालांना रस्ता मोकळा करून देत होता. मग त्यांनी नारळ तिथंच ओट्यावर ठेवला आणि त्या खाली गेल्या.

राहायला येऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच नवऱ्यानं विषय काढला. धाकट्या भावाला सांगलीत औषधाच्या दुकानात काम मिळालंय. तो आणि त्याची बायको थोडे दिवस आपल्याकडं राहतील, मागची खोली रिकामीच आहे. खोली खरंच रिकामी होती. नुसती एक मशीन तिथं होती, ती हॉलमध्ये आणता येत होती. मी हो म्हटलं.

सासर माझं वडूजजवळ, तिकडं पाण्याची बोंब, शेतीवर दोन भावांचं भागत नाही, हे मला ठाऊक होतं. दीर-जाऊ माणसं साधी. आल्या दिवशी दिरानं ट्रंक खाली ठेवली आणि माझ्या पाया पडला. म्हणाला, "वैनी, तुमी व्हता म्हणून झालं. न्हाईतर आमाला सांगलीत कोन दारात उभं करनार हुतं?"

मला वाटलं, बोलायची पद्धत. पुढं सासूबाई वडूजहून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर माझ्या नावानं बाजरी, मटकी, कधी तूप पाठवायला लागल्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी माझं नाव घेऊन काही पाठवलं नव्हतं. उशिरा का होईना, आपली किंमत कळली, असं समजून मी सुखावत होते.

थोडे दिवस म्हणता म्हणता वर्ष होत आलं. सगळे कामाला गेले की मी हॉलमधली खुर्ची सरकवून फरशीवर कापड पसरायची. एका दुपारी अशीच गुडघ्यांवर बसून लग्नाचा ब्लाउज बेतत होते आणि दारात काकू. नात्यातल्या लग्नाला सांगलीला आल्या होत्या. आत बोलावू की नको, असं मला झालं. पण त्यांनी चपला काढल्या, आत आल्या आणि माझ्यासमोर फरशीवरच बसल्या.

पाणी दिलं. त्या माझ्या गुडघ्यांकडं, मग मागच्या खोलीच्या दाराकडं बघत राहिल्या.

"दीर अजून इथंच हाय व्हय?"

"काकू, माझा दीर इथं राहतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "म्हणजे तुला अजून ठावं न्हाई?"

मग त्यांनी सांगितलं. सगळं ठरल्यावर माझा नवरा एकटाच काकांना भेटायला गेला होता. म्हणाला, मागची खोली मी भावाला कबूल केलीय, पण टेबल तिथं राहिलं तर बायको खोली सोडायची नाही. तुम्हीच टेबल देत नाही म्हणा. नाहीतर घरात रोज वाद, आणि मग या व्यवहारात मला रस राहणार नाही. काकांनी टोकन घेतलं होतं, पुण्याची तयारी झाली होती. नवरा-बायकोच्या मधे आपण कशाला, म्हणून ते तयार झाले.

"मी न्हाईच म्हणत हुते," काकू म्हणाल्या. "पर ह्यांनी ऐकलं न्हाई. मुलानं कसलं मागितलंय टेबल. त्याच्या घरात ते दारातनं आत सुद्धा गेलं नसतं. मिरजेला पुतण्याच्या वखारीत टाकलंय. त्यावर पोती ठेवत्यात."

मी फरशीवरचं कापड गोळा करायला लागले. 

"तू त्या दिवशी बोललीस ते लागलं," त्या म्हणाल्या. "पर खोटं तर आम्ही बोललोच हुतो. म्हणून गप बसले."

त्यांना पोचवायला मी कोपऱ्यापर्यंत गेले. रिक्षात बसताना त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, तेवढंच.

संध्याकाळी नवरा आला, त्यानं हातपाय धुतले, चहा घेतला. मी विचारलं, "टेबल देऊ नका असं काकांना तुम्ही सांगितलं होतंत?"

त्यानं नाकारलं नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. कप खाली ठेवून म्हणाला, "तुला आधी सांगितलं असतं तर तू भांडली असतीस."

"भांडले असते. दोन दिवस बोलले नसते. मग हो म्हणाले असते."

"मग शेवटी तेच झालं की."

त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याच्या दृष्टीनं भावाची सोय झाली, बायकोचं भांडण वाचलं, वाईटपणा गाव सोडून जाणाऱ्या माणसांच्या पदरी गेला. कुणाचं काही बिघडलं नाही. मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की तुम्ही मला विचारलंच नाहीत, माझ्यावर डाव टाकलात, आणि मी वर्षभर तुमच्याच खांद्यावर डोकं ठेवून त्या म्हाताऱ्या माणसांना नावं ठेवली. तो म्हणाला, एका टेबलावरून किती ताणशील.

दुसऱ्या दिवशी दीर घरी होता. मी त्याला सहज विचारावं तसं विचारलं, इथं यायचं कसं ठरलं होतं. तो म्हणाला, "दादा म्हनला की, वैनीच म्हनल्या, मागची खोली माज्या दिराला द्या, मला नको. आईला तर रडूच आलं ऐकून."

म्हणजे ती बाजरी, ते तूप, तो नमस्कार, सगळं मी कधी न बोललेल्या वाक्यासाठी होतं.

ते तसंच ठेवणं सोपं होतं. चांगुलपणा आयता मिळाला होता. पण मला तो अंगावर बाळगवेना. मी दिराला खरं काय ते सांगितलं, आवाज न चढवता. त्याला जा म्हटलं नाही, राहा म्हणूनच सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. जाऊ स्वयंपाकघरात ऐकत होती. महिन्याभरात त्यांनी जवळच भाड्यानं खोली बघितली आणि ती दोघं निघून गेली. जाताना तो पुन्हा पाया पडला, पण माझ्याकडं बघितलं नाही.

वडूजमध्ये मी दिराला घराबाहेर काढणारी झाले. सासूबाईंचा फोन आता नवऱ्यालाच येतो. तो त्यांना काय सांगतो, मी विचारत नाही, आणि सांगितलं तरी विश्वास कशावर ठेवायचा हे मला कळत नाही.

माणूस तसा वाईट नाही. पलूसहून येताना माझ्यासाठी अस्तर, दोरे, हुक न विसरता आणतो. माझ्या आजारपणात त्यानं रजा काढून स्वयंपाक केलाय. आम्ही बोलतो, हसतोही. लोकांना काही दिसत नाही, आणि दाखवण्यासारखं काही आहे असंही नाही.

गेल्या दिवाळीला माझ्या भावाचा कुंडलहून फोन आला. ऊस तोडायला टोळी आलीय, भाऊबीजेला येणं होत नाही, पुढच्या आठवड्यात येतो, म्हणाला. दरवर्षी काही ना काही अडचण असतेच, त्यात नवं काही नव्हतं. मी मात्र विचारलं, "तुला इथनं कुणी फोन केला होता का?"

"न्हाई," तो म्हणाला. "कोण करणार?"