या मॉडेलला सपोर्ट नाही

माझ्या धाकट्या मावशीला "हे होणार नाही" असं सांगून आजवर कुणी सुखानं घरी गेलेलं नाही. खोपोलीच्या एका कारखान्यात तिनं उभी हयात विजेच्या मोटारींचं वायंडिंग केलं आणि निवृत्त होऊन कर्जतकडच्या कोंडाण्याजवळच्या घरी आली ती जगातल्या यच्चयावत बंद वस्तूंशी उभा दावा मांडूनच. तिच्या मिक्सरला टेबलफॅनचं बटण आहे. तीनवर नेलं की तो बंद होतो, त्यामुळे पाहुण्यांनी हात लावायचा नाही. माथेरानच्या हॉटेलात गिझर बिघडला म्हणून मॅनेजर गरम पाण्याची बादली घेऊन आला, तर हिनं पर्समधून टेस्टर काढला आणि त्यालाच स्टूल धरायला लावलं.

पण तिची खरी लढाई लॅपटॉपशी झाली. घशाच्या ऑपरेशनात तिच्या नवऱ्याचा, म्हणजे काकांचा, आवाज कायमचा गेला. ते लॅपटॉपवर टाइप करायचे आणि लॅपटॉप ते मोठ्यानं वाचायचा. तो बिघडला, कर्जतच्या दुकानदारानं त्यात नवी सिस्टीम घातली आणि लॅपटॉपचीही वाचा गेली. "मावशी, या मॉडेलला सपोर्ट नाही. नवा घ्या," दुकानदार म्हणाला. "स्पीकर धडधाकट हाय, मंग सपोर्ट कशाला पायजे रं?" म्हणून मावशी लॅपटॉप काखोटीला मारून घरी आली. मी बाहेरून यूएसबीला जोडायचा स्पीकर घेऊन गेलो, तर काकांनीच पाटीवर लिहिलं, "परत ने. तिला जिंकू दे."

सिस्टीम आणि स्पीकर यांची गाठ घालून देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. नवा ड्रायव्हर आधी मॉडेलचं नाव विचारायचा आणि यादीत नाही म्हणून पाठ फिरवायचा. मावशीनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांना भंडावून एक छाटलेला ड्रायव्हर मिळवला. त्यात ना यादी, ना चौकशी. तोही अडला, तेव्हा कोथिंबीर निवडावी तसा तिनं आणखी निवडला. दोनदा लॅपटॉप सुरूच होईना. "व्हईना का," ती म्हणायची, "मी काय उठून चालले नाय."

दोन महिन्यांनी एका दुपारी स्पीकर खरखरला. काकांनी घाईघाईनं टाइप केलं आणि अख्ख्या आळीला ऐकू गेलं, "भूक लागली."

निवडण्याच्या नादात आवाज कमीजास्त करायची सोयही उडाली होती. आता काकांचं चहा मागणं, रुसणं, मावशीला चिडवणं, सगळं गावासमोर होतं. "मावशी, तेवढं परत घाल की," मी म्हटलं.

"येतंय मला घालता," ती म्हणाली. मग काकांच्या बोटांकडे बघत राहिली. "पन ऱ्हाऊ दे रं. लय दिस घर गप व्हतं."