टरबुजातला अणू

लिंबागणेशच्या शाळेत सरांनी आम्हाला टरबूज कापून अणू शिकवला होता. लाल गर म्हणजे धन प्रभार आणि त्यात रुतलेल्या काळ्या बिया म्हणजे इलेक्ट्रॉन. तास संपल्यावर आम्ही तो अणू खाल्लाही. त्याच आठवड्यात माझी आठवीतली शाळा सुटली आणि मी गवंडीकामाला सुरतेला आलो. माझ्यापुरतं सगळं जग तसंच राहिलं, गोड आणि गच्च भरलेलं.

यंदा गावाकडं माझी पोरगी आठवीत आहे. तिचीही शाळा आठवीतच सुटते की काय, या धास्तीनं मी रोज फोन करतो. काल तिला टरबूज सांगितलं तर ती हसली.

"पप्पा, ते लई जुनं झालं. अणू आतून रिकामाच असतो. मधी एवढंसं केंद्रक, अन् इलेक्ट्रॉन लांबून फिरत्यात."

समोर मीच बांधलेली ओली भिंत होती. बघता बघता ती धुक्यासारखी विरळ वाटायला लागली.

"मग ही भिंत उभी कशी ऱ्हाती गं?"

"ते वरच्या वर्गात हाय. शिकले की सांगते."

किती सहज म्हणाली! तिला शिकवणाऱ्या बाईंचे मी मनातल्या मनात पाय धरले.