पुण्यात मामा आहेत

आज दुपारी आमची पुण्याची सहल मोडली. जाणार आहोत, पण तिला आता सहल म्हणवत नाही.

माझा मित्र सचिन पुढच्या महिन्यात दुबईला नोकरीला चाललाय. त्याआधी आम्ही तीन मित्रांनी दोन दिवस ठरवले होते. शनिवारी वऱ्हाडी-खानदेशी खाद्यमहोत्सव, रविवारी बिअर फेस्टिव्हल. लॉजही बुक करून ठेवला होता.

सचिनने आज पुण्यातल्या मामांना कळवलं. न कळवता गेला, तर त्याच्या आईला पुढे वर्षभर ऐकावं लागतं. लगेच मामांचा फोन आला. सचिनने तो स्पीकरवर टाकला.

"लॉजवर उतरतोस? आमी मेलो व्हय?"

"मामा, फेस्टिव्हलला चाललोय. तिथंच जेवणार."

"पैसं देऊन उभ्यानं खायाचं? शनवारी मटण हाय, रव्वारी बी हाय. दोस्तास्नी घिऊन ये."

"आणि बिअर?" मी विचारलं.

"मामी ताक करती की, पावणं."

सचिनने फोन ठेवला आणि लॉज रद्द केला.

मामांचं प्रेम खरं आहे, म्हणून धड चिडताही येत नाही. पण सचिन परत कधी भेटेल माहीत नाही, आणि ठरवलेले दोन दिवस आम्ही मामांच्या हॉलमध्ये 'आणखी एक भाकरी घ्या' ऐकत बसणार.

अशा माणसाला तुमच्यापैकी कुणी 'नको' म्हणालंय का? नेमकं काय म्हणालात?