तांबेकाकांची शेवटची चौकट

दुपारी तीनच्या सुमाराला लॅबच्या काउंटरवर फोन आला, तेव्हा माझ्यापुढे रिपोर्ट न्यायला आलेल्यांची रांग होती. फोन समोरच्या दारच्या काकींचा. त्या रडत नव्हत्या. "सुनीता, हे गेले गो," म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "आजचा शब्द राहिला त्यांचा..." रांगेतल्या कुणाला त्यातलं काही कळलं नसतं. मला मात्र ते दुसरं वाक्यच आधी कळलं. काका जेवून खुर्चीत बसले होते, तिथेच गेले. महिन्याचा शेवटचा दिवस होता. भाजी आणायला खाली उतरायचं होतं, ते राहून गेलं. याला आता दीड महिना झाला.

गंगाराम तांबे, आमचे तांबेकाका, मूळचे रत्नागिरीकडचे. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षं खिळे जुळवले. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं आणि ओळ लावायची... लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. त्यात इंग्रजी काम पुष्कळ. "हातनं एक अक्षर चुकलं नाही कधी," ते सांगायचे, "आणि अर्थ एकाचाही माहीत नव्हता. पोस्टमनसारखं झालं गो. पत्रं गावभर वाटली, वाचलं एक पण नाही." ही सल त्यांना फार होती. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने शाल दिली, ती यांनी तिथेच कुणाला तरी देऊन टाकली आणि मूठभर इंग्रजी खिळे मागून घेतले. ते घेऊन दोघं खारीगावाजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले.

मग सुरू झाला तो त्यांचा उद्योग. सकाळचा चहा झाला की खिळे ठेवलेल्या बिस्किटांच्या डब्यात हात घालायचा आणि न बघता तीन खिळे काढायचे. ती तिन्ही अक्षरं ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द शोधायचा, अक्षरं मागेपुढे असली तरी चालतील. मग डिक्शनरीत अर्थ बघायचा. इथवर कुणीही करेल. पण काकांचा नियम असा की तो शब्द संध्याकाळच्या आत कुणाशी तरी बोलायचा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या दिवसाच्या चौकटीत शब्द आणि खाली त्या माणसाचं नाव लिहायचं. नाव नाही तर शब्द आपला नाही. सगळ्या चौकटी भरल्या की मगच महिन्याचं पान उलटायचं. एकदा एम, जी, एफ निघाले तर भाजीवाल्याला म्हणाले, "भैया, आज तुम्हारा पालक बहुत मॅग्निफिसंट है." तेव्हापासून तो त्यांना मॅग्निफिसंट अंकल म्हणायचा आणि कोथिंबीर जास्तीची टाकायचा. वॉचमन, गॅसवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांची नावं त्या चौकटींत आहेत. काकींचं तेवढं नव्हतं. "माझ्यावर इंग्रजी झाडायचं नाही," असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

मी लग्न होऊन जालन्याहून इथे आले. बी.कॉम. होते, पण सगळं मराठीतून. बेव्हर्ली पार्कच्या एका लॅबमध्ये मागच्या खोलीत रिपोर्ट लावायचं काम मिळालं. वर्षभराने डॉक्टर म्हणाले, पुढे काउंटरवर बस, फोन घे. नाहीतर दुसरी बघतो. फोन म्हणजे अर्धे इंग्रजी. माझी तर बोबडीच वळली. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मी नोकरी सोडते. दार उघडं होतं, काकांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे, तळहातावर तीन खिळे. "मॅडम, हे आजचे तुमचे."

खरं सांगते, मला राग आला. नोकरी चाललीये आणि यांचे खेळ. तरी नाही कसं म्हणणार... दिवसभर डोकं लावलं. डी, एल, टी. ॲडल्ट, डिटेल, टोल्ड करत अकरा शब्द काढले आणि संध्याकाळी ऐटीत वही पुढे केली. काकांनी खिळा बोटाने चाचपला आणि हसायला लागले. "अगो, हा बी आहे. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, म्हणून तुला डी दिसला." मी रडवेली झाले. तेव्हा ते म्हणाले, "अकरा सापडले ना? मग ते कोण परत मागतंय? उद्या बी बघू." नियमाचा पक्का माणूस, पण त्या दिवशी माझ्यासाठी संध्याकाळची अट सोडली.

मग रोजचे तीन खिळे. भीती गेली नाही, पण हातात रोज एक शब्द असायचा. काउंटरवरच्या पहिल्याच फोनवर एक गृहस्थ रिपोर्टवरून तडकले होते. त्या दिवशीचा माझा शब्द होता डेफिनेटली. डोळे मिटून म्हटलं, "डेफिनेटली सर, बाय इव्हनिंग." आणि तो माणूस चक्क थँक्यू म्हणाला. काकांनी तो शब्द त्या दिवशीच्या चौकटीत लाल पेनाने लिहिला. त्याला बारा वर्षं झाली. त्या काउंटरवर मी आजही आहे, नव्या मुलींना मीच शिकवते. काकांना मात्र मी कधी थँक्यू म्हटलं नाही. रोज समोर दिसणाऱ्या माणसाला म्हणायचं राहूनच जातं.

परवा रविवारी काकींनी जेवायला बोलावलं. सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी. खिडकीच्या कट्ट्यावर तीन खिळे त्या दिवशी काकांनी ठेवले तसेच होते, एल, टी, एन. कॅलेंडरचं पानही तेच. शेवटच्या चौकटीत काकांच्या अक्षरात 'प्लेंटी', आणि खालची जागा रिकामी. "मला ते पान उलटवत नाही," काकी म्हणाल्या. "एक चौकट राहिली ना. नियम त्यांचा, मी कशी मोडू?" मी खाली मान घालून जेवत राहिले. त्या तिसरी भाकरी वाढायला आल्या. "घे गो, लाजू नको." मी ताटावर हात आडवा धरला आणि म्हटलं, "काकी, प्लेंटी."

त्या थांबल्या. "म्हणजे काय?"

"म्हणजे भरपूर. पुष्कळ मिळालं."

त्यांनी भाकरी परत ठेवली. "पण त्या दिवशीची संध्याकाळ कधीच गेली ना," म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "तुझ्या उलट्या बीचं चाललंच होतं की त्यांना." त्यांनी पदराला हात पुसला, कॅलेंडरला दोऱ्याने बांधलेलं काकांचं पेन घेतलं आणि रिकाम्या जागेत सावकाश लिहिलं, 'सुमन'. इतकी वर्षं समोर राहून काकींचं नाव मला त्या दिवशी कळलं.

मग काकींनी पान उलटलं. दीड महिना होऊन गेला होता, त्यामुळे एकदम दोन पानं उलटावी लागली.