व्याही, पुढं व्हा

आमचे व्याही बाळारामशेठ माझ्यापुढं कधी चालले नाहीत. दार आलं की बाजूला सरायचे, हात पुढं करायचे आणि म्हणायचे, "व्याही, पुढं व्हा." दार कसलंही असो, देवळाचं, लिफ्टचं, हॉटेलचं. मी चप्पल सोडायला वाकलो की तेही थांबायचे आणि मागची माणसं खोळंबायची. विमानात चढताना तर मागच्या बाईनं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "शेठ, आत जागा ठरलेली आहे, कुणी पळवत नाही." ते म्हणाले, "जागेचा नाय हो, मानाचा परश्न हाय. तुमी मुलाकडचं."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. खोपटच्या एसटी डेपोत टायर काढण्या-घालण्यात जन्म गेला. शेठ दिवा गावचे जुने आगरी. बापजादे मिठागरात राबले, पुढं जमिनीला भाव आला तसा त्यांनी बंगला बांधला. त्यांच्या मुलीनं आणि माझ्या मुलानं एकमेकांना पसंत केलं तेव्हा मी बरेच दिवस अडून बसलो होतो. हे त्यांना माहीत होतं. तरी लग्नानंतर खाडीचा जिताडा मासा मिळाला की पिशवीत घालून स्वतः घरी आणायचे आणि बजावायचे, "डोकं व्याह्यांना वाढा."

मी बसल्याशिवाय ते बसत नसत. एकदा किती वेळ उभे राहतात बघू म्हणून मी चष्मा शोधायच्या निमित्तानं घरभर फिरलो. चष्मा माझ्या सदऱ्याच्या खिशात होता आणि तो त्यांना दिसत होता. तरी ते उभेच. शेवटी मीच कंटाळून खुर्चीत टेकलो, तेव्हा तेही बसले आणि शांतपणे म्हणाले, "गावला का?"

पोरं अमेरिकेत नोकरीला, शेठांचा मुलगाही कामापायी बाहेरगावी. आम्ही दोघंही बायका गेल्यामुळं एकटे, म्हणून त्यांनी दोघांना एकदमच बोलावून घेतलं. तिथं एका संध्याकाळी मुलानं मोबाइलवर एक गंमत दाखवली. निकाराग्वा म्हणून देश आहे, तिथं ज्वालामुखीचा काळा डोंगर आहे. माणसं फळी घेऊन वर चढतात आणि तिच्यावर बसून राखेवरून घसरत खाली येतात. मी म्हटलं, रिकामटेकड्यांचे उद्योग. बाळारामशेठांनी मात्र मोबाइल हातातून ओढून घेतला.

"व्याही, यो त आमचा मिठागर. निसता काला केलाय."

मग त्यांनी सांगितलं. मिठागरात मिठाच्या घराएवढ्या उंच राशी लागायच्या. मुकादम जेवायला गेला की पोरं बारदान बुडाखाली घेऊन वरून घसरायची. पण बाळारामाचा नंबर आला की मुकादम हटकून काठी घेऊन हजर. अर्ध्यावरच पाय रोवून थांबायचं आणि बाजूला उडी टाकायची. गुडघे सोलायचे, त्यात मीठ जायचं, घरी जाऊन पुन्हा बापाचा मार. "आख्खी रास कवाच उतरलू नाय," ते म्हणाले. "वरशी खालपरयंत, एकदा पन नाय."

सून त्यांच्याकडं बघत राहिली. तिनं त्याच रात्री तिकिटं काढली.

तिथं गेलो. आम्हाला केशरी डगले चढवले, डोळ्यांना मोठे चष्मे लावले. बाळारामशेठ आरशात बघून म्हणाले, "कचऱ्याच्या गाडीवरचं वाटतोय दोगं." चढ खडा होता, वारा फळीसकट माणसाला ढकलत होता. मधेच मला दम लागला तेव्हा त्यांनी माझी फळी काढून आपल्या खांद्यावर घेतली. त्या ओझ्यानंसुद्धा माझ्यामागंच चालले. वर गंधकाचा वास. जमिनीला हात लावला तर ऊन ऊन. त्यांनी मूठभर राख उचलून चोळली, बोटांतून सोडली आणि एकटेच हसले. इतका म्हातारा माणूस तसा हसताना मी पाहिला नव्हता.

मुलगा आणि सून आधी उतरले. सून खाली पोचून मोबाइल धरून उभी राहिली, बापाचा फोटो काढायला. वर आम्ही दोघं आणि तिथला वाटाड्या. त्यानं खुणेनं विचारलं, कोण?

बाळारामशेठ एक पाऊल मागं सरले. "व्याही, पुढं व्हा."

मी खाली पाहिलं. उतार दिसतच नव्हता, नुसती कडा आणि तिच्यापलीकडं एकदम मुंगीएवढी माणसं. घाबरलो असं मी म्हणणार नाही. पण पाय उचलला नाही.

"तुमचा झाला की मी हायच," ते म्हणाले. फळी छातीशी धरलेली होती.

तुम्ही उतरा, मी बघतो, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडाला ते आलंही होतं. पण मुलीचा बाप उतरला आणि मुलाचा बाप वर उभा राहिला, हे चित्र मला सोसेना. मी म्हटलं, "हे आपल्यासारख्यांचं काम नाही शेठ. चला, पायवाटेनं जाऊ."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग उताराकडं. डोळ्यांवरचा मोठा चष्मा काढला, फुंकर मारून पुसला, कुणाला परत द्यायचा असल्यासारखा. वाटाड्या त्यांना हातानं बोलवत होता, या, या. त्यांनी त्याला हात जोडले.

"पुढं व्हा," ते मला म्हणाले. आणि दोन्ही फळ्या घेऊन माझ्यामागून उतरले.

खाली सून रडकुंडीला आली होती. "पप्पा, इतक्या लांब आलो आपण. काय झालं?"

"गुडघं गं," ते म्हणाले. "ऐन टायमाला दगा देला."

त्यांनी स्वतःहून ती गोष्ट पुन्हा काढली नाही. इकडं परत आल्यावर मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "मान दिल्यानं मानूस लहान नाय होत, व्याही. घ्या, जिताडा थंड होतोय." माझ्या ताटात डोकं होतंच.

पुढच्या पावसाळ्याआधीच ते गेले. झोपेतच. पोरं तिकडून आली. दिव्याची सगळी आळी गोळा झाली होती. तिरडी उचलायच्या वेळी त्यांचा मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, पुढं व्हा. पप्पा असते तर त्यांनी आधी तुम्हालाच खांदा द्यायला लावला असता."

मी म्हटलं, "नाही रे. मी मागं येतो."

सून शेजारून चालत होती. मी तिला म्हटलं, "पोरी, तुझ्या बापाचे गुडघे शेवटपर्यंत चांगले होते. त्या डोंगरावर मी नाही म्हटलं, म्हणून ते उतरले नाहीत." तिनं पदर तोंडाशी धरला.

स्मशानाची वाट जुन्या मिठागराच्या बांधावरून जाते. आता तिथं मीठ नाही, नुसतं गवत आहे. बांध संपतो तिथं खाडीकडं मोठा उतार आहे. उतारावर खांदेकऱ्यांचे पाय आवरेनात. ते झपझप धावतच निघाले आणि बाळारामशेठ वरपासून खालपर्यंत, कुठं न थांबता गेले.

मी बांधावर उभा राहून बघत होतो.