चुडामण आबांच्या घरची तीनचाकी

रोज सकाळी चहाच्या आधी शालिग्राम नाना लहान मुलांची ती जुनी तीनचाकी सायकल ओट्यावर आणायचे आणि दिवेलागणीला परत घरात न्यायचे, शेळी दावणीला न्यावी तशी. सून दिपमाला हसायची, "नाना, तिले चारा टाकू का?"

थोरले भाऊ चुडामण आबा यांच्या घरून ती नानांकडे आली होती. भाऊबंदांत ज्या घरी लहान मूल, त्या घरी सायकल, अशी रीत. नानांची नातवंडं तिच्यावर मोठी झाली, पुण्याला गेली. नरडाण्याजवळच्या त्यांच्या गावात भाऊबंदांच्या एकाही घरी आता लहान मूल उरलं नव्हतं. सायकल नानांपाशीच थांबली. गल्लीच्या टोकाच्या अंगणवाडीत ती देऊन टाकू, असं दिपमालाने एकदा सुचवलं. नाना उठून सायकल घरात घेऊन गेले. तिने मग पुन्हा विषय काढला नाही. सायकल गेल्यावर नाना ओट्यावर एकटे कसे बसतील, हे तिलाही कळत नव्हतं.

श्रावणात कानबाई देवीचा सण आला. घराला रंग लागला. आबांचा मुलगा लीलाधर सुरतहून तिच्या प्रसादाचे रोट खायला आला आणि बराच वेळ सायकलीपाशी उकिडवा बसून राहिला.

"नाना, हाई मी सुरतले लई जासू. भितले टांगसू. बापनी याद शे."

"अंगणवाडीत दिली असती..." दिपमाला दारातून म्हणाली.

"वहिनी, रोट भाऊबंदांच्या बाहेर देतस का आपन? मंग हाई कशी देवानी?"

रोट बाहेर देत नाहीत, हे खरंच होतं. नानांनी घास हातात धरूनच विचारलं, "रोट आपन खाई टाकतस रे भो. भितले टांगतस का?"

लीलाधर ओशाळला, मग मोठ्याने हसला. सोमवारी कानबाईचं विसर्जन झाल्यावर त्यानेच सायकल खांद्यावर घेतली. नाना अंगणवाडीच्या दारापर्यंत सोबत गेले. परतताना मधेच थांबले, मागे वळून पाहिलं, आणि पुन्हा चालू लागले.

दिवाळीच्या आधी नाना गेले. गेले त्या दिवशी सकाळी ते ओट्यावर चहा पीत बसले होते. गल्लीच्या टोकाकडून पोरांचा गलका आला आणि त्यात चाकांची कुरकुर. नानांनी बशी खाली ठेवली.

"दिपमाला, कोनले तरी सांग व. तिले तेल द्या म्हना."